दरवानाच्या कानात सांगितलेलं

मिलियानात बारावीचे पेपर सुरू झाले की मुलांची झोप जाते आणि गावाचं इंटरनेट जातं. पेपर फुटू नयेत म्हणून सरकार ते बंद करून ठेवतं. लोक कुरकुरतात, चहाच्या टपरीवर दोन शिव्या हासडतात आणि सोसतात. पोरांच्या जन्माचा प्रश्न असतो.

हूरियानेही सोसलं. दुपारची नमाज आटोपली, की गुडघ्यांवर हात टेकत कोपऱ्यातल्या संगणकासमोर जाऊन बसायचं, हा तिचा नेम. त्या आठवड्यातही ती बसली. पडद्यावर पत्त्यांचं हिरवं टेबल यायचं, त्यावर एक चकती गरगर फिरत राहायची, आणि टेबल काही मांडलं जायचं नाही.

"परीक्षाच ना गं, वसीला?"

"परीक्षाच, लल्ला." सून स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची. सासूला ती मानाने 'लल्ला' म्हणायची.

"असू दे मग. पास होऊ देत बिचारी."

आणि ती उठून स्वयंपाकघरात यायची. तिथं चेरीची टोपली तिची वाट बघत असायची. जून महिना, झाडं लाल झालेली, शेजारच्या मळ्यातून टोपलीमागून टोपली येत होती. दोघी समोरासमोर बसून केसांच्या आकड्याने एकेका चेरीची बी उपसायच्या. हात कोपरापर्यंत लाल. हूरिया आपल्या लग्नाची गोष्ट सांगायची, वरातीचं खेचर दारातच कसं अडून बसलं आणि नवरी खेचरावर नि नवरदेव खेचराच्या शेपटाला, अशी वरात अर्धा तास कशी उभी राहिली. वसीला हसून हसून आडवी व्हायची.

"तुझी भाकरी चांगली असते हां," हूरिया एकदा सहज म्हणाली. "सांगायचं राहूनच जातं."

वसीलाच्या हातातला आकडा थांबला. या घरात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. नवरा लोत्फी दूर दक्षिणेत, वाळवंटातल्या वायूच्या विहिरींवर कामाला. महिनाभर तिकडं, महिनाभर इकडं. तो नसतानाचा महिना म्हणजे रवा मळायचा, जिना धुवायचा, पाणी आलं की पिंपं भरायची, सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर द्यायच्या. आणि दुपारी अंग टेकलं न टेकलं, तोच पलीकडच्या खोलीतून सासूचं हसू ऐकू यायचं, खळखळ, पोरीबाळींसारखं. ते हसू कुणासाठी? तर पडद्यापलीकडच्या माणसांसाठी. भिंतीच्या अलीकडं राबणाऱ्या सुनेच्या वाट्याला फक्त "गोळी दिलीस का गं?" एवढंच यायचं.

त्या चेरीच्या दिवसांत भिंत नव्हती.

मग पेपर संपले. वसीलाला ते सकाळीच कळलं, कारण तिच्या खिशातला मोबाइल मुका होता तो बडबडायला लागला. हूरिया अजून अंथरुणात होती. वसीला संगणकापाशी गेली आणि उभ्याउभ्याच तो सुरू केला.

तो खेळ तिनेच तिथं आणून ठेवला होता. रोंदा. चार माणसांचे पत्ते, समोरासमोरचे जोडीदार. हूरियाची जोडीदार तिची धाकटी बहीण यमीना, समुद्रापलीकडं मार्सेयला मुलीकडं, सिहामकडं, राहणारी. उरलेले दोघे जगात कुठलेही कुणीही. पण सुरुवातीला संगणक त्या खेळाला आत येऊ देईना. सुरक्षेची भिंत आडवी येई, अँटिव्हायरस भुंके. वसीला लग्नाआधी जमिनीच्या कचेरीत टंकलेखन करत असे, तेवढ्या ओळखीवर ती आठवडाभर झटली. इथली खूण काढ, तिथली खूण लाव, परवानगीच्या यादीत नाव घाल.

"अडवतंय कोण पण?" हूरियाने तेव्हा विचारलं होतं.

"आत एक दरवान बसलाय, लल्ला. ओळख नसली की तो कुणाला सोडत नाही."

हूरिया पडद्यापाशी वाकली होती आणि मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसं, म्हणाली होती, "ए बाबा! ती माझी सख्खी बहीण आहे!"

आज वसीलाने त्याच दरवानाच्या कानात उलटं सांगितलं. सुरक्षेची खिडकी उघडली, यादीत खेळाचं नाव शोधलं, 'येऊ द्या'वरची खूण काढून 'अडवा'वर लावली. झालं. कढीला फोडणी द्यायलाही याहून जास्त वेळ लागतो. चेरी संपेपर्यंतच, ती स्वतःला म्हणाली. चार दिवस.

दुपारी चकती गरगरत राहिली.

"अजून परीक्षा?"

"काही पेपर पुन्हा घेतायत म्हणे, लल्ला."

"अरे देवा. पोरांचे हाल."

हूरियाचे गुडघे तिला जिना उतरू देत नसत. बाहेरचं जग तिला सून सांगेल तेवढंच. ती येऊन टोपलीपाशी बसली. पण खेचराची गोष्ट संपली होती. दुसरी काही तिला आठवेना. एक चेरी हातात घेऊन ती तशीच बसून राहायची, आणि रमझानात गच्चीवर बायका गुणगुणतात तसल्या ओळी तिच्या ओठांत यायच्या:

समुद्राच्या पल्याड गं बहिणीचं बिऱ्हाड,
लाटांनो, व्हा बाजूला, दिसू द्या कवाड.

वसीला खाली मान घालून बिया उपसत राहायची. यमीनाच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं, त्यात तिचा आवाज गेला होता, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. फोनवर यमीना बोलू शकत नाही, हेही ठाऊक होतं. खेळात लहान लहान चित्रं पाठवता येतात, गुलाब म्हणजे 'माझ्याकडं चांगली पानं आहेत', लिंबू म्हणजे 'वाट लागली', आणि या गुलाब-लिंबांवर दोघी बहिणी रोज दुपारभर बोलतात, हेही तिने कितीदा पाहिलं होतं. ठाऊक सगळं होतं. फक्त ते सगळं एकाजागी ठेवून त्याच्याकडं बघायचं तिने टाळलं होतं.

चार दिवस उलटले. चेरी संपल्या, मुरंब्याच्या बरण्या फडताळात चढल्या. खूण काढायला वसीला दोनदा गेली आणि दोनदा परत आली. आज काढली तर लल्ला विचारणार, आज अचानक कसं सुरू झालं? उद्या काढू. उद्याही तोच प्रश्न तिथंच उभा असायचा, आणखी थोडा वाढलेला.

अशात लोत्फी आला. वाळवंटातून रापून, खजुराचं खोकं खांद्यावर घेऊन. जेवण झालं, तो पाय पसरून बसला आणि म्हणाला, "यम्मा, आज पत्ते नाहीत? यमीना खालाशी भांडलीस का काय?"

"परीक्षा आहेत ना रे."

"परीक्षा?" तो हसला. "परीक्षा संपून जमाना झाला! पोरं आता निकालाच्या नावाने नवस बोलतायत. कुणी सांगितलं तुला?"

वसीला मोरीपाशी भांडी घासत होती. पातेलं घासून लख्ख झालं होतं, तरी ती घासत राहिली. "बाहेर कुणीतरी म्हणत होतं," ती पाठमोरीच म्हणाली. "मला वाटलं खरं असेल. मशीनमध्येच काहीतरी झालं असेल."

मग दोन दिवस घरात त्या मशीनचं दुखणं चाललं. लोत्फीने मोडेम बंद केला, चालू केला, उचलून त्यात फुंकर मारली. वायर ओढून बघितली. खेळ काढून पुन्हा घातला. अँटिव्हायरसला झोपवलं, जागवलं, पुन्हा झोपवलं. "गाढवा, चाल ना!" म्हणून पडद्यावर ओरडलाही. वसीला जाता-येता बघायची. तो सगळीकडं हात घालत होता, फक्त त्या एका यादीत त्याला शोधायचं सुचत नव्हतं. प्रत्येक वेळी तो जवळ गेला, की ती दारातच थबकायची. लांब गेला, की सुटल्यासारखं वाटायचं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच तिला जास्त शरम वाटायची.

"रेदवानला बोलावतो," लोत्फी शेवटी म्हणाला.

रेदवान त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, हातापेक्षा तोंड जास्त चालणारा. तो येऊन खुर्चीवर बसला आणि दोन बोटांनी मिशी सारखी करत म्हणाला, "बघू, पेशंटला कधीपासून ताप आहे?"

"परीक्षेपासून," हूरिया म्हणाली. ती त्याच्या मागं उभी होती, डॉक्टरच्या मागं नातेवाईक उभे राहतात तशी.

रेदवानने सुरक्षेची खिडकी उघडली. यादी खाली सरकवली. बोट थांबलं.

"हे काय? इथं तर कुलूप आहे. आणि तेही आतून लावलेलं."

"म्हणजे काय रे?" लोत्फी वाकला.

"म्हणजे हा ताप नाही. कुणीतरी स्वतःच्या हाताने 'अडवा' म्हणून सांगितलंय. हे आपोआप होत नसतं, भाऊ. कोण आहे घरात यादीला हात घालणारं?"

वसीला कॉफीचा ट्रे घेऊन दारात आली होती. खोलीत कुणी तिच्याकडं बघितलं नाही. कुणी बघितलं असतं, तर कदाचित तिच्या तोंडून शब्द निघाला असता.

"मीच असेन," हूरिया म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं.

"एकदा अशी एक खिडकी आली होती," ती चाचरत म्हणाली. "हो की नाही असं काहीतरी विचारत होती. मला फ्रेंच वाचता येत नाही... मी दाबलं काहीतरी. तेच असणार. दुसरं कोण?"

लोत्फीला हसू आवरेना. "यम्मा! अगं आख्ख्या देशाच्या परीक्षेला तू बोल लावलास, आणि कुलूप तुझंच!"

"हाज्जा, तुम्ही माझ्या दुकानावर बसा," रेदवान म्हणाला. "चोर फिरकायचे नाहीत बघा. गिऱ्हाईकही फिरकायचं नाही म्हणा!"

हूरियाही हसली. डोक्यावरच्या रुमालाचा पदर तोंडावर ओढून हसली. पण तिचे कान लाल झाले होते, आणि हसताना ती पडद्याकडं न बघता आपल्या हातांकडं बघत होती, जसे काही ते दुसऱ्याच कुणाचे होते.

ही वेळ होती. वसीलाच्या हातात ट्रे होता, त्यावर कप होते, कपांतून वाफ निघत होती. बोल, तिने स्वतःला म्हटलं. आत्ता बोल.

"वा वहिनी, साखर अगदी माप घेऊन घातलीय," रेदवान म्हणाला.

"आणखी घ्या ना," वसीला म्हणाली. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच.

कुलूप निघालं. हिरवं टेबल मांडलं गेलं. चार खुर्च्या, आणि समोरची यमीनाची खुर्ची रिकामी. तिच्या जागेखाली मात्र ती लिहून गेलेले शब्द एकाखाली एक साठले होते. लोत्फीने वाचून दाखवले.

"'बस लवकर.'"

"'परीक्षा संपल्या का तिकडच्या?'"

"'सिहाम म्हणते, तिकडं नेट आलंय.'"

लोत्फीचं हसू ओसरत गेलं.

"'मी सावकाश खेळते म्हणून कंटाळलीस का?'"

"आणि?" हूरियाने विचारलं.

"'बरं.'"

"आणि?"

"बस. 'बरं' एवढंच."

संध्याकाळी हूरियाने लोत्फीकडून भाचीला, सिहामला, फोन लावून घेतला. "सांग तिला, माझ्या हातून चुकीचं दाबलं गेलं. रागावू नको म्हणावं."

फोन मोठ्या आवाजावर होता, सगळ्यांनी ऐकलं. सिहामने आईला निरोप दिला, मग म्हणाली, "सांगितलं, खाला. ती पाटीवर लिहितेय. थांबा, वाचते. 'हूरियाने आयुष्यात एक पान चुकीचं टाकलं नाही. आता म्हणे चुकून दाबलं. मला काय लहान मूल समजते?'"

"अगं पण खरंच..."

"तिने पाटी पालथी ठेवली, खाला." सिहामचा आवाज खाली आला. "तिचं मनाला लावून घेऊ नका. आवाज गेल्यापासून तिच्याशी कुणी बोलतच नाही हो. घरी येतात, तिच्या समोर बसतात आणि माझ्याशी बोलतात. तुम्हीच एक होतात."

त्यानंतर हूरिया रोज दुपारी त्या टेबलापाशी बसायची आणि तिथं कुणी यायचं नाही. तेही एकवेळ वसीलाने सोसलं असतं. पण एके दुपारी सासूने हाक मारली. "पोरी, जरा येतेस? हे दाबू का मी? काही बिघडणार नाही ना?"

खेळ उघडायचं बटण. हूरियाने हजारदा दाबलेलं. माउसवर ठेवलेला हात तिने काढून मांडीवर घेतला होता. जिच्या पानांपुढं अनोळखी माणसं खेळ सोडून पळायची, ती म्हातारी सुनेकडं परवानगी मागत होती.

"दाबा, लल्ला," वसीला म्हणाली. "काही होत नाही."

"नाही, तूच दाब. माझ्या हाताचा भरवसा नाही आता."

वसीलाने दाबलं. मग ती स्वयंपाकघरात आली, दार ढकललं, आणि मोबाइल काढला. सिहामला सांगितलेली गोष्ट कुठं कुठं जाते ते तिला माहीत होतं. मार्सेयहून लियाँला, लियाँहून परत मिलियानाला, संध्याकाळच्या आत, नवऱ्याच्या साऱ्या गोतावळ्यात. तिने नंबर लावला.

"वसीला? सगळं ठीक ना गं?"

"मला खालाशी बोलायचंय."

"अगं, ती कशी बोल..."

"तिने बोलायचं नाही. मी बोलणार आहे. तिला ऐकू येतं ना?"

पलीकडं थोडी खुडबूड झाली. मग श्वास ऐकू आला. घशाला पाडलेल्या भोकातून येणारा, बारीक शिट्टी मिसळलेला. वसीलाने तो आधी कधी ऐकला नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

"खाला, मी वसीला. लोत्फीची बायको." ती दाराकडं पाठ करून उभी राहिली. "लल्लाने काही दाबलं नव्हतं. पहिले काही दिवस खरंच परीक्षा होत्या. त्यानंतर मीच बंद केलं. मुद्दाम. मला सगळं येतं ते, मीच केलं. ती विचारायची, तर परीक्षा आहेत म्हणून सांगायचे."

श्वास आत गेला, बाहेर आला.

मध्ये कुणी काही बोलत नव्हतं. समोरचं माणूस ओरडलं, शिव्या घातल्या, की निम्मं बोलणं वाचतं. इथं कुणी अडवत नव्हतं, म्हणून तिला शेवटापर्यंत जावं लागलं.

"ती तुमच्याशी हसायची, त्याचा मला राग यायचा. माझ्याशी कधी तशी हसायची नाही ना. मला वाटलं, थोडे दिवस माझ्यापाशी बसेल. आणि मग सगळ्यांसमोर तिने स्वतःवर घेतलं, ते लोक तिला हसले, आणि मी कॉफी देत होते, खाला. मी कॉफी देत होते. तुम्हाला कुणी कंटाळलेलं नाही. ती रोज बसते. आज पण बसलीय."

ती थांबली. शिट्टी मिसळलेला श्वास तसाच चालू होता, जरा भरभर. तेवढ्यात मागं काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. वसीला वळली. दार पूर्ण लागलं नव्हतं. चौकटीला टेकून हूरिया उभी होती, एका हातात गोळी, दुसऱ्या हातात रिकामा पेला. पाण्यासाठी आली असावी. कधी आली, कोण जाणे.

वसीलाला वाटलं, आता. आता तो पेला भिंतीवर आपटेल. तिने मान खाली घातली आणि वाट बघितली.

हूरियाने पेला ओट्यावर ठेवला. हात पुढं केला. वसीलाने मोबाइल दिला.

"यमीना," हूरिया म्हणाली. "ऐकलंस ना तू?" तिने मोबाइल कानाशी घट्ट धरला. "मी पण आत्ताच ऐकलं गं." तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "म्हणजे मी नव्हते. बघ ना, मी नव्हतेच. मला वाटलं, डोकंच चाललं माझं. रात्र-रात्र आठवत बसायचे, कधी दाबलं, कुठं दाबलं. मी काही नव्हतं दाबलं, यमीना."

आणि तिचा चेहरा उजळला. समोर उभ्या असलेल्या सुनेला ती विसरली होती; आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्यांदा भूक लागावी तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. वसीलाला ते बघवेना. भिंतीवर पेला फुटला असता, तर तिने काचा तरी गोळा केल्या असत्या.

"बस तू जागेवर," हूरिया फोनमध्ये म्हणाली. "मी आलेच."

मोबाइल परत देताना मात्र तिने वसीलाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुझी भाकरी चांगली असते, हे मी खरंच म्हटलं होतं," ती म्हणाली. "चेरीपुरतं नव्हतं ते."

वसीलाने ओट्यावरचा पेला उचलून विसळला.

"लोत्फीला तू सांगायचंस. मी सांगणार नाही आणि झाकणारही नाही. त्या रेदवानलाही सांग. माझ्यावर हसलाय तो."

"हो, लल्ला."

"पाणी दे."

तिने पाणी दिलं. हूरियाने गोळी घेतली, तोंड पुसलं आणि भिंतीचा आधार घेत हळूहळू पलीकडच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने पत्ते वाटल्याचा तो बारीक फडफड आवाज आला. त्या दुपारी हसू आलं नाही. नुसतंच पान पडत होतं, मग दुसरं पान, सावकाश, जशा दोन बायका बऱ्याच दिवसांनी एकमेकींना तपासून बघत असाव्यात.

जिन्यात लोत्फीची पावलं वाजली. तो भलंमोठं कलिंगड दोन्ही हातांनी छातीशी धरून आत आला, घामाघूम, खूश.

"सुरी आण गं! टकटक करून बघ, कसं वाजतंय. दुकानदार म्हणतो, लाल निघालं नाही तर दाढी काढीन."

वसीलाने त्याच्या हातातून कलिंगड घेतलं आणि ओट्यावर ठेवलं. सुरी तिने घेतली नाही. पलीकडच्या खोलीत पानं पडायची थांबली होती.

"आधी बस," ती म्हणाली. "मला तुला काहीतरी सांगायचंय."